पेणची राज्यसभा, रोह्याची लोकसभा आणि कलम ४८

पेणला राज्यसभा आहे आणि रोह्याला लोकसभा. मधल्या नागोठण्याच्या वाट्याला निजामशाहीतला दगडी पूल आला. तो चारशे वर्षं उभा आहे आणि शेजारच्या मुंबई-गोवा हायवेच्या मानाने हे पुष्कळच झालं. सुनील तटकरे रोहा तालुक्यातल्या सुतारवाडीचे, २०१९ पासून रायगडचे खासदार. पेणचे माजी आमदार धैर्यशील पाटील २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले. दिल्लीत ही दोन्ही सभागृहं एकाच इमारतीत आहेत. आमच्याकडे मधे कासू आणि नागोठणे ही स्टेशनं लागतात, एवढाच काय तो फरक.

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. त्यामुळे आमच्या घरात वालाचं बिरडं कसं करायचं, हा ठरावसुद्धा दोन्ही सभागृहांत वेगवेगळा मांडावा लागतो. रोह्याहून भाऊ आला की संयुक्त अधिवेशन. अध्यक्षस्थानी माझे सासरे, अण्णा. जन्मभर हायस्कूलात गणित शिकवलेलं, त्यामुळे एखादा आकडा पेपरात नुसताच छापलेला दिसला की त्याचे अवयव पाडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

२०२५ च्या सुरुवातीला या अधिवेशनाला दोन विषय लागोपाठ मिळाले. १ फेब्रुवारीला निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आयकर शून्य. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी, म्हणजे त्याला १२ लाख ७५ हजारांपर्यंत काही नाही. मग २४ मार्चला संसदीय कार्य मंत्रालयाची अधिसूचना आली. खासदारांचा पगार महिन्याला १ लाखावरून १ लाख २४ हजार, दैनिक भत्ता २,००० वरून २,५००, माजी खासदारांचं पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार. लागू कधीपासून, तर १ एप्रिल २०२३ पासून. मधे एक आख्खी लोकसभा निवडणूक होऊन गेली होती, पण पगार काही निवडणुकीसाठी थांबत नाही.

पहिल्या बातमीला आमच्या आळीत कोणी पेढे वाटले नाहीत, कारण बारा लाख मिळवणारे मोजकेच आणि जे मिळवतात ते सांगत नाहीत. दुसऱ्या बातमीला मात्र प्रत्येकाचं मत होतं. स्वतःचा पगार सांगायला लाजणारा माणूस खासदाराच्या पगारावर तासभर बोलू शकतो.

हे बोलणं झालं माझ्या चुलत दिरांच्या गणपतीच्या कारखान्यात. मार्च होता. गावातल्या मूर्ती अजून फळ्यांवर पांढऱ्याच होत्या, पण परदेशी जाणाऱ्यांना बोट गाठायची असते, त्यामुळे त्यांचे रंग होऊन आखणी चालली होती. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून एका बाप्पाच्या उजव्या बुबुळात होता. आणि अण्णांना नेमका तेव्हाच गुणाकार सुचला.

"एक लाख गुणिले बारा किती?"

"बारा लाख," भाऊ म्हणाला.

"आणि करमुक्त किती?"

"बारा ला..." भाऊचं वाक्य तिथेच राहिलं. कारागिराचा ब्रशही थांबला. बाप्पा एका डोळ्याने आमच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे माप त्यांचं घेतलं आणि सदरा आपल्याला घातला!" भाऊजी म्हणाले.

हा शोध मी इतर कुठे वाचलेला नव्हता, त्यामुळे मला घरच्या मंडळींचा अभिमान वाटला. तो पाच मिनिटं टिकला. कारण अण्णांनी तोवर एका बिलबुकाची पाठ कोरी करून घेतली होती.

"सदरा त्यांच्याच मापाचा असता," अण्णा म्हणाले, "तर पन्नास दिवसांत त्यांनी अंग का वाढवलं?"

हिशेब सरळ होता. महिन्याला १ लाख २४ हजार म्हणजे वर्षाला १४ लाख ८८ हजार. बारा लाखांचा उंबरा ओलांडला की शून्य कर संपतो आणि टप्पे चालू होतात. पहिले चार लाख माफ, पुढच्या चारावर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या चारावर १० टक्के म्हणजे ४० हजार, उरलेल्या २ लाख ८८ हजारांवर १५ टक्के म्हणजे ४३,२००. बेरीज १,०३,२००. त्यावर ४ टक्के सेस ४,१२८. एकूण १,०७,३२८. वर्षाला २ लाख ८८ हजारांची वाढ घेतली आणि त्यातले एक लाख सात हजार सरकारी खिडकीत परत ठेवले. भाऊजींना तर खासदारांची दयाच आली. ते म्हणाले, "वाढ मागायच्या आधी कोणा सीएला तरी विचारायचं."

दया अजून वाढायची होती. खासदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत नाही. ती पगारदारांना असते आणि खासदार कायद्याने पगारदार नव्हे, कारण त्याला मालक नाही. त्याचा पगार आयकराच्या हिशेबात 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात बसतो, एफडीच्या व्याजाशेजारी आणि लॉटरीच्या बक्षिसाशेजारी. आपण व्यासपीठावर ज्याला लोकांचा सेवक म्हणतो, त्याला आयकर खातं सेवक मानायला तयार नाही. त्यामुळे धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या सांभाळणारा माझा भाऊ पावणेतेरा लाखांपर्यंत मोकळा, आणि तेवढाच पगार खासदाराला असता तर त्याला कर लागला असता. त्या दिवशी भाऊ जरा ताठ बसला.

मग अण्णांनी पान उलटलं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० मध्ये सतरावं पोटकलम होतं. खासदार-आमदारांचा दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता त्यानुसार करमुक्त. नुसता मतदारसंघ भत्ताच २०१८ पासून महिन्याला ७० हजार होता, वर्षाचे ८ लाख ४० हजार. पण ही माफी जुन्या करपद्धतीत. नवी पद्धत घ्यायची तर जी सवलतींची यादी सोडून यावं लागतं, त्यात घरभाडं आहे, प्रवास सवलत आहे आणि हे सतरावं पोटकलमही आहे. म्हणजे बारा लाखांच्या माफीसाठी खासदार आत शिरला की बाहेर ठेवलेले आठ-नऊ लाख त्याच्या मागोमाग आत येतात आणि माफी जागेवर संपते. म्हणून तो हिशेबी असेल तर जुन्याच पद्धतीत बसून राहील, जिथे अडीच लाखांपासून कर सुरू होतो आणि दहा लाखांवर ३० टक्के लागतो. थोडक्यात, ज्यांनी बाकं बडवून बारा लाखांची सूट मंजूर केली, त्यांना ती पगारावर घेणं परवडत नाही. एवढा त्याग आणि तोही न सांगता! आपल्याकडे न सांगता केलेला त्याग इतका दुर्मीळ आहे की मला पहिला संशय हाच आला, त्यांना हे माहीतच नसावं.

इथवर सगळं खासदारांच्या बाजूने चाललं होतं. पारडं फिरलं ते भाऊच्या एका प्रश्नाने. चोवीसच टक्के का? पंचवीस का नाही?

याचं उत्तर पेण-रोह्यातल्या कुठल्याही प्लॉटवाल्याला ठाऊक असलेल्या कोष्टकात आहे. अटल सेतू झाला, विमानतळ आला, कॉरिडॉरच्या रेषा नकाशावर पडल्या, तेव्हापासून इकडे माणसं भेटली की आधी गुंठ्याचा भाव विचारतात आणि मग तब्येत. जुनी जागा किंवा फ्लॅट विकताना खरेदीची किंमत महागाईप्रमाणे फुगवून घेता यायची. त्यासाठी सरकार दरवर्षी एक निर्देशांक जाहीर करतं, २००१-०२ ला १०० धरून. तो १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४८ मधला. २०१८-१९ ला तो २८० होता, २०२३-२४ ला ३४८. भागाकार करा, १.२४ येतं. खासदारांचे चोवीस हजार तिथून आले. २०१८ च्या वित्त कायद्याने ठरवून टाकलं की पगार १ लाख आणि दर पाच वर्षांनी या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ. चर्चा नाही, मतदान नाही, पेपरात अग्रलेखाची भीती नाही.

अरुण जेटलींचं ते २०१८ चं बजेट अण्णांना पाठ होतं, कारण त्यात पेन्शनर म्हणून त्यांनाही काही मिळालं होतं. त्याच भाषणात पगारदारांना ४० हजारांची प्रमाणित वजावट दिली. लोक खूश झाले. मग कळलं की प्रवास भत्त्याची १९,२०० ची आणि औषधोपचाराची १५,००० ची सूट त्या बदल्यात काढून घेतली. म्हणजे खरी भर ५,८०० ची. आणि सेस ३ टक्क्यांवरून ४ झाला. कराचे टप्पे होते तिथेच. एकाच भाषणात एकाच्या पगाराला महागाई जोडली आणि दुसऱ्याच्या कराच्या टप्प्यांना जोडायची राहून गेली. राहून गेली म्हणते, मी सुसंस्कृत घरातली आहे.

पुढे २३ जुलै २०२४ च्या बजेटने तर जागा विकणाऱ्याच्या हातूनच तो निर्देशांक काढून घेतला. ओरडा झाला, तेव्हा त्या तारखेच्या आधी घेतलेल्या जागांना निवड दिली. निर्देशांकासह २० टक्के भरा, नाहीतर त्याच्याशिवाय साडेबारा. पण त्यानंतर घेतलेल्या जागेला काही नाही. म्हणजे हे कोष्टक ज्यांच्यासाठी तयार झालं ते हळूहळू त्यातून बाहेर पडणार आणि ज्यांच्यासाठी ते कधीच नव्हतं, ते खासदार आत राहणार. काही वर्षांनी वित्त मंत्रालयातला कोणी कारकून विचारील, साहेब, हा आकडा आपण दरवर्षी काढतो तो कोणासाठी?

न्यायाने सांगायचं तर हा निर्देशांक कंजूस आहे. शहरी महागाई जितकी वाढते तिच्या ७५ टक्केच तो मोजतो. खासदारांची महागाईसुद्धा पाऊणच. आम्ही भाजीवालीकडे असली पाऊण महागाई मागून पाहिली, तिने कोथिंबीर परत घेतली.

अण्णांनी मग तोच पाऊण काटा आमच्या कराला लावून पाहिला. जुन्या पद्धतीतली अडीच लाखांची मर्यादा २०१४ च्या जुलैत ठरली, ती आजतागायत हललेली नाही. तेव्हा निर्देशांक २४०, २०२५-२६ ला ३७६. अडीच लाखांना खासदारांसारखी आपोआप वाढ मिळाली असती तर ती मर्यादा झाली असती ३ लाख ९१ हजार ६६७. नव्या पद्धतीत पहिला शून्याचा टप्पा किती? ४ लाख. अकरा वर्षांनी जी भेट म्हणून आली तिच्यातला पहिला हप्ता ही नुसती थकबाकी होती. त्यावरची बारा लाखांपर्यंतची माफी मात्र खरी. ती नाकारायचा कोतेपणा मी करणार नाही, माझ्या भावाचा प्रश्न आहे.

सगळ्याचा सांधा इथे आहे. पगार महागाईबरोबर चढतो, टप्पे बसून राहतात, आणि चढलेला पगार त्या बसलेल्या टप्प्यांत अडकून कर देतो. आपलं हे होतं तेव्हा आपण बजेटच्या दिवशी टीव्हीसमोर बसतो. खासदारांचं होतं तेव्हा ते बजेटच्या दिवशी सभागृहात बसतात. बसण्याच्या जागेत थोडा फरक आहे.

रोह्याला या विषयात जरा जास्त हक्काने बोलता येतं, कारण देशाचे एक अर्थमंत्री रोह्याचेच. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नात्यात, वाढले रोह्यात, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५२ मध्ये आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. खासदारांच्या पगाराचा मूळ कायदा १९५४ चा, म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या या रोहेकराकडे असतानाचा. पगार किती? महिन्याला ४०० रुपये, आणि अधिवेशनात हजर असाल त्या दिवसाचे २१. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा माणूस होता, त्यामुळे मागणी कितीही लांबून ढगाबरोबर आली तरी हिशेब जमिनीवरच राहिला असावा. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आता रोह्यात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे आणि त्यात कॉमर्स शिकवतात, हे योग्यच झालं.

आमदारांचं गणित निराळं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या विधानभवनात पगारवाढीचं विधेयक चर्चेशिवाय मंजूर झालं. एरवी तिथे कामकाज तहकूब होत असतं, त्या दिवशी कोणी घसा खाकरलासुद्धा नाही. आमदाराचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाला बांधलं गेलं. सचिवाला वेतन आयोग लागला की आमदारालाही लागतो, महागाई भत्ता वाढला की त्यालाही वाढतो. तेव्हा पुढच्या वेळी कर्मचारी संपावर गेले आणि एखादा आमदार त्यांच्या मंडपात येऊन कळवळून बोलला, तर त्याला नुसतंच राजकारण म्हणू नका. तो सहकारी आहे.

उत्तर प्रदेशाने याच्या पुढची मजल १९८१ मध्येच मारली होती. मंत्री गरीब असतात, असं कारण देऊन तिथे कायदा केला की त्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरावा. मुख्यमंत्री होते विश्वनाथ प्रताप सिंह. तेच पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९८५ च्या बजेटात त्यांनी आपल्या सर्वांचा कर कमी केला. आधी घरचा अभ्यास झालेला होता. तो कायदा २०१९ पर्यंत चालू होता. पेपरात बातमी येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, निदान ज्यांचा कर भरला जात होता त्यांच्या तरी.

अण्णांना सगळ्यात आवडते ती अमेरिकेची गोष्ट. तिथे नियम असा की खासदारांनी स्वतःचा पगार बदलला तर तो पुढची निवडणूक झाल्यावरच लागू. दुरुस्ती मांडली १७८९ मध्ये आणि विसरले. १९८२ मध्ये टेक्सासमधल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला, बाईंनी 'सी' दिला. पोरगा इरेला पेटला, राज्याराज्यांना पत्रं लिहीत सुटला आणि १९९२ मध्ये ती दुरुस्ती राज्यघटनेत घालूनच थांबला. २०१७ मध्ये विद्यापीठाने 'सी'चा 'ए' केला. "मार्क वाढवायला पस्तीस वर्षं," अण्णा म्हणतात, "आमच्या बोर्डात रिचेकिंग लवकर होतं." आपला आणि त्यांचा नियम एकच आहे, दिशा तेवढी उलटी. त्यांची वाढ निवडणुकीच्या पलीकडे जाऊन लागू होते, आपली निवडणुकीच्या अलीकडे येऊन.

इकडे भावाच्या आयुष्यात नवीनच भीती शिरली आहे. त्याचा पगार पावणेतेरा लाखांच्या अगदी काठावर आहे. एप्रिलमध्ये कंपनीने वाढीचं पत्र दिलं तेव्हा तो एचआरकडे गेला आणि म्हणाला, नको. एचआरच्या मुलीने नोकरीत असं वाक्य प्रथमच ऐकलं असणार. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. काठाच्या वर दहा हजार गेले तर सीमांत सवलतीप्रमाणे कर त्या दहा हजारांपुरताच, म्हणजे दहा हजार. पण त्यावर सेस ४०० रुपये. दहा हजार वाढले की दहा हजार चारशे जातात. पगारवाढ घेतल्याबद्दल चारशे रुपये दंड! "एकतर द्या भरपूर, नाहीतर देऊच नका," असं त्याने लेखी दिलं. त्याला भरपूर मिळालं नाही. खासदारांनी मात्र तो काठ एका उडीत ओलांडला. पावणेतीन-तीन लाखांनी उडी मारायची ती याचसाठी, असं भाऊ आता शिफ्टमधल्या पोरांना समजावून सांगतो.

आणि आमच्याकडे लाडकी बहीण. तिचं खातंही रोह्याकडेच, अदिती तटकरे यांच्याकडे. महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. अपात्रतेची यादी वाचण्यासारखी आहे. घरात आयकर भरणारा नको, घरात आजी-माजी खासदार-आमदार नको, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. प्रजेतला करदाता आणि तिचा प्रतिनिधी एका ओळीत बसवलेले मी इतर कुठे पाहिले नाहीत. सेवा केंद्रावर माझ्या पुढे उभी असलेली बाई कागद हातात धरून गोंधळली होती. नवऱ्याने टेम्पोच्या कर्जासाठी पाच लाखांचं रिटर्न भरलेलं, त्यावर कर शून्य. योजनेसाठी तलाठ्याकडचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आणि मुलीच्या स्थळाकडे सांगितलेलं उत्पन्न तिसरंच.

"ताई, शून्य कर भरला म्हणजे भरला की नाही भरला?" तिने मला विचारलं. मी अण्णांचा नंबर दिला.

भाऊजींनी या साऱ्यातून आपला धडा घेतला. मुंबईचा व्यापारी बुकिंगला आला, तेव्हा त्यांनी बिलबुकाची ती पाठ त्याच्यापुढे धरली. म्हणाले, माती महागली, रंग महागला, कारागिराची मजुरी महागली, तेव्हा या वर्षीपासून मूर्ती कलम ४८ प्रमाणे. चोवीस टक्के वाढ.

व्यापारी म्हणाला, "बरं."

भाऊजींना एवढ्या सहज होकाराची सवय नव्हती. त्यांचा हुरूप वाढला. म्हणाले, "आणि लागू १ एप्रिल २०२३ पासून. मागल्या दोन गणपतींचा फरक द्या."

व्यापाऱ्याने कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवून तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. फरक काही दिला नाही, चोवीसवरून सहा टक्क्यांवर आणलं आणि एक फूट उंची जास्त मागून घेतली. जाताना अण्णांना बाजूला नेऊन हळूच विचारलं, दादरची वडिलांची खोली विकायची आहे, वीस टक्के बरे की साडेबारा?